शाळा सुटल्यानंतरचे दोन तास मुलींना द्या



जूनच्या मध्यात शाळा उघडतील. शिवाजीनगर, बैंगनवाडी, लल्लुभाई कंपाउंड, मंडाळा, चिता कॅम्प या वस्त्यांतल्या मुली पाचवी, सहावी, सातवीच्या वर्गांत जाऊन बसतील. त्यांच्यातल्या किती जणी पुढे अकरावीला विज्ञान शाखेचा अर्ज भरतील, हे दहावीच्या गुणपत्रिकेवर ठरतं असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते पाचवी ते आठवीच्या वर्षांतच बरंचसं ठरून गेलेलं असतं. ज्या मुलीने या वयात स्वतःच्या हाताने काही जोडलं नाही, मोजलं नाही, उघडून पाहिलं नाही, तिच्या लेखी विज्ञान म्हणजे पाठ करायच्या व्याख्या. त्या व्याख्यांचा धसका घेतलेल्या मुलीला दहावीनंतर ‘सायन्स घे’ म्हणून सांगण्यात काही अर्थ उरत नाही.

म्हणून शाळा उघडायच्या आधीच हे आवाहन करतो आहोत. मागणी मोजकी आहे. प्रत्येक वस्तीत एक खोली हवी. आठवड्यातून दोन दिवस, शाळा सुटल्यावर दोन तास. मुलींच्या हातात प्रयोगाचं सामान आणि त्यांच्याबरोबर जमिनीवर बसून ते सामान हाताळणारी दोन मोठी माणसं. याला शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. तुम्ही-आम्ही ठरवलं तर १५ जूनच्या आत हे वर्ग सुरू होऊ शकतात.

विज्ञानाच्या अंगणात

मुंबई महापालिकेच्या एम पूर्व विभागाचा नकाशा एकदा समोर घेऊन बसा. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. देशातली पहिली अणुभट्टी ‘अप्सरा’ १९५६ मध्ये इथेच सुरू झाली. शास्त्रज्ञांची अख्खी वसाहत, अणुशक्तीनगर, इथेच आहे. शालेय विज्ञानशिक्षणावर संशोधन करणारं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मानखुर्दला आहे. ठाण्याच्या खाडीत हजारो रोहित पक्षी उतरतात आणि २०२२ पासून ती खाडी आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर पाणथळ जागांच्या यादीत आहे.

याच नकाशावर देवनारचं डम्पिंग ग्राउंड आहे. १९२७ पासून शहराचा कचरा तिथे पडतो आहे. त्याच्या कडेकडेने उभ्या राहिलेल्या वस्त्यांत कचरा वेचणारे, नाका कामगार, घरकामगार, जरीकाम करणारे राहतात. मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात शहरातल्या सगळ्या विभागांत एम पूर्व तळाला होता.

देशातली उत्तम विज्ञानबुद्धी आणि शहरातली सर्वांत तीव्र गरिबी एकाच पिनकोडच्या आसपास राहतात, पण त्यांची गाठ पडत नाही. ती गाठ घालून देणं आपल्या हातात आहे.

मुलीची दुपार कुठे जाते

महापालिकेच्या शाळांतल्या शिक्षकांना दोष द्यायला आम्ही बसलेलो नाही. सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं यांतून वेळ काढून मनापासून शिकवणारे शिक्षक आम्ही पाहिले आहेत. पण पस्तीस मिनिटांच्या तासाला, भरलेल्या वर्गात, एका कपाटातल्या सामानावर प्रत्येक मुलीच्या हाताला काम मिळणं अवघड असतं. मग प्रयोग फळ्यावर होतो. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान हे चार मथळे आणि त्यांखालचा मजकूर वहीत उतरतो. मुलगी न केलेल्या प्रयोगाचं निरीक्षण सुवाच्य अक्षरात लिहिते आणि तिला पैकीच्या पैकी गुण मिळतात.

पुष्कळ शाळा दोन सत्रांत भरतात. सकाळच्या सत्रातली मुलगी दुपारी घरी येते, दुपारच्या सत्रातली सकाळी घरी असते. या रिकाम्या दिसणाऱ्या वेळेत तिचा भाऊ मैदानात किंवा गल्लीत असतो. ती पाण्याच्या रांगेत असते, धाकट्याला सांभाळत असते, आईने आणलेल्या मण्यांच्या माळा ओवत असते किंवा कुंदन चिकटवत असते. डझनावर मिळणाऱ्या त्या पैशांत तिचीही मजुरी असते, पण तिचं नाव कुठेच नसतं. सातवी-आठवीच्या सुमारास तिला पाळी येते आणि घरच्यांची भीती वाढते. त्यातच पालिकेच्या बऱ्याच शाळा सातवी-आठवीपर्यंतच असतात. पुढची शाळा लांब असते, बसभाडं लागतं, रस्त्यावर छेडछाड होते. दहावी झालीच तर अकरावीला विज्ञान नको म्हणून सांगितलं जातं, कारण ‘क्लास लावावे लागतात’ आणि ‘प्रॅक्टिकल असलं की घरी यायला उशीर होतो’.

या सगळ्या अडचणी एका प्रयोगवर्गाने सुटणार नाहीत. पण मुलीला एखाद्या गोष्टीची ओढ लागली आणि तिच्या आईला ती ओढ दिसली, की त्या अडचणींशी झगडायला दोघींना कारण मिळतं. आज ते कारणच त्यांच्याजवळ नाही.

पत्र्याच्या भोकातून सूर्य

अशा वर्गात काय करायचं, असं लोक विचारतात. महागडं सामान लागेल, संगणक लागतील, असं वाटतं. एक प्रयोग इथे पूर्ण सांगतो.

वस्तीतल्या बहुतेक घरांवर पत्रा असतो आणि जुन्या पत्र्याला खिळ्यांची भोकं असतात. उन्हाच्या दिवसांत त्यांतून घरात कवडसे पडतात. आमच्या अशाच एका वर्गात सहावीतल्या मुलींना विचारलं, कवडसा गोल का असतो? ‘भोक गोल असतं म्हणून,’ असं उत्तर लगेच आलं. मग पुठ्ठ्याला बारीक त्रिकोणी भोक पाडून तो दारातल्या उन्हात धरला. भोकाजवळ कागद नेला तेव्हा उजेड त्रिकोणी पडला. कागद लांब लांब नेला तसा तो गोल होत गेला. मुली गप्प झाल्या. एकीने चौकोनी भोक पाडून पाहिलं. तरीही गोलच. बराच वेळ वाद झाल्यावर मागून एक जण म्हणाली, ‘मग तो भोकाचा आकार नाहीच. तो सूर्य आहे.’

तिचं बरोबर होतं. तो कवडसा म्हणजे सूर्याची प्रतिमा. खंडग्रास ग्रहणाच्या दिवशी हेच कवडसे कोरीच्या आकाराचे होतात.

पुढचं काम मोजपट्टीचं. किरणाच्या आड पांढरं कार्ड काटकोनात धरायचं, कवडशाची रुंदी मोजायची आणि भोकापासून कार्डापर्यंतचं अंतर मोजायचं. अंतर दोन मीटरच्या थोडं वर असेल तर रुंदी दोन सेंटिमीटरच्या आसपास भरते. अंतराला रुंदीने भागलं की उत्तर शंभर ते एकशे दहाच्या दरम्यान येतं. घर बदला, भोक बदला, उत्तर तिथेच येतं. आता सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटरवर आहे, एवढं एकच पुस्तकातून घ्यायचं. त्याला १०८ ने भागलं की सूर्याचा व्यास निघतो, सुमारे १४ लाख किलोमीटर. घरातल्या गळक्या पत्र्याची मुलीला लाज वाटत असते. त्याच पत्र्याखाली बसून तिने सूर्य मोजलेला असतो. सामान काय लागलं? पुठ्ठा, कार्ड, शिंप्याची टेप.

ऋतूप्रमाणे असे कितीतरी प्रयोग रचता येतात. पावसाळ्यात सरळ बाजूंच्या बाटलीचं पर्जन्यमापक करून रोजचा पाऊस लिहायचा आणि वर्तमानपत्रातल्या कुलाबा-सांताक्रूझच्या आकड्यांशी ताडून पाहायचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला ७५ मिलिमीटरही झाला नाही. एकाच शहरात एवढा फरक पडत असेल तर आपल्या गल्लीत किती पडला, हे आपणच मोजायला हवं ना? हिवाळ्यात खाडीवर जाऊन पक्षी मोजायचे. फोल्डस्कोप नावाचा कागदी सूक्ष्मदर्शक सुमारे १४० पट मोठं दाखवतो. त्याखाली कांद्याचा पापुद्रा, साचलेल्या पाण्याचा थेंब, स्वतःचा केस पाहायचा.

स्क्रूड्रायव्हर कुणाच्या हातात

मुलांना वगळून फक्त मुलींसाठी का, हाही प्रश्न येतो. मिश्र गटाला एक सेल, एक चुंबक आणि थोडी तार द्या आणि बाजूला उभे राहून पाहा. काही मिनिटांत सामान मुलाच्या हातात जातं आणि मुलीच्या हातात वही येते. मुलगा जोडतो, मुलगी लिहून घेते. यात मुलाचा हेतू वाईट नसतो, मुलीचीही तक्रार नसते. घरात जे पाहिलं तेच इथे घडतं. म्हणून निदान सुरुवातीची दोन-तीन वर्षं मुलींचा वर्ग वेगळा असावा आणि प्रत्येकीला स्वतःचं सामान मिळावं. गटात एक संच दिला की धीट मुलगी करते आणि बुजरी पाहत राहते. आपल्याला त्या बुजऱ्या मुलीपर्यंत पोचायचं आहे.

छोटी मोटर करायला घ्या. पंख्याचं वाइंडिंग करणाऱ्याकडे इनॅमलची तांब्याची तार मिळते. तिचं वेटोळं करायचं, दोन सेफ्टी पिनांच्या छिद्रांत त्याची टोकं अडकवायची, पिना सेलच्या दोन्ही बाजूंना रबराने बांधायच्या आणि वेटोळ्याखाली जुन्या स्पीकरमधलं चुंबक ठेवायचं. तारेच्या टोकांवरचं इनॅमल पॉलिश पेपरने घासावं लागतं. बहुतेक मुली दोन्ही टोकं सगळीकडून लख्ख घासतात. मग वेटोळं नुसतं झुलतं आणि थांबतं. इथे शिकवणाऱ्याने तोंड बंद ठेवायचं. मुली सेल बदलतात, चुंबक उलटं करतात, एकमेकींचं पाहतात. अखेर कुणाच्या तरी लक्षात येतं की फिरणाऱ्या मोटरचं एक टोक अर्धवटच घासलेलं आहे. एका बाजूने इनॅमल राहिलं की अर्ध्या फेऱ्यात वीज बंद राहते, वेटोळं आपल्याच वेगाने पुढे जातं आणि फिरतच राहतं. सगळीकडून घासलं तर पुढच्या अर्ध्या फेऱ्यात चुंबक त्याला उलटं ढकलतं. हे कारण स्वतः शोधलेली मुलगी पुढे दहावीच्या पुस्तकात विद्युत मोटरची आकृती पाहून घाबरत नाही.

हे होऊ शकतं, झालेलं आहे

वस्तीतल्या मुलांना विज्ञान झेपत नाही, असं मानणाऱ्यांनी आपल्याच शहराचा इतिहास पाहावा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने महापालिका शाळांतल्या वंचित समाजांतल्या विद्यार्थ्यांसाठी एक उपक्रम राबवला. डॉ. वि. गो. कुलकर्णी आणि डॉ. सुधाकर आगरकर यांनी त्याचा अहवाल पुस्तकरूपाने लिहिला. मुलांच्या बुद्धीत उणं काहीच नाही, पाठ्यपुस्तकाची बोजड भाषा आणि अनुभवाची वानवा आडवी येते, हे त्यातून दिसलं. भाषा सोपी केली, बोलायला आणि करून पाहायला वाव दिला, तशी त्याच मुलांची दहावीतली कामगिरी सुधारली.

मध्य प्रदेशात १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा शाळांत प्रयोगांवर आधारलेलं विज्ञान सुरू झालं, पुढे ते शेकडो सरकारी शाळांत पोचलं आणि तीस वर्षं चाललं. त्याच प्रेरणेतून अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूब, स्ट्रॉ, वर्तमानपत्रं यांतून शेकडो वैज्ञानिक खेळणी रचली. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत ती वर्षानुवर्षं मुलांच्या हातांत दिली गेली. ही खेळणी आणि त्यांची कृती इंटरनेटवर मराठीसह अनेक भाषांत फुकट मिळते. साधनं तयार आहेत, वाटाही मळलेल्या आहेत.

मुलींच्या वाटेत काय काय आलं, हेही आठवावं. कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सकडे गेल्या. गुण उत्तम असूनही संचालक सर सी. व्ही. रामन यांनी, मुलगी म्हणून, प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. एक वर्ष काम पारखून पाहण्याच्या अटीवर त्यांना प्रवेश मिळाला. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या त्या संचालक झाल्या. पण एक गोष्ट विसरून चालणार नाही. त्यांचे वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. नकार पचवून उभं राहण्याइतका विश्वास त्यांना घरातून मिळाला होता. नामवंत कणभौतिकशास्त्रज्ञ डॉ. रोहिणी गोडबोले पुण्याच्या हुजूरपागेत शिकत होत्या, तेव्हा तिथे सातवीपर्यंत मुलींना विज्ञानाऐवजी गृहविज्ञान असे. शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी लागणारं विज्ञान त्यांना नेहमीच्या तासांबाहेर शिकावं लागलं.

कमलाबाईंना घर होतं, रोहिणीताईंना तासांबाहेरची शिकवणी मिळाली. बैंगनवाडीतल्या मुलीच्या घरात रसायनशास्त्र बोलणारं कुणी नाही. तिच्यासाठी ते घर आणि ती शिकवणी आपण उभी करायची आहे.

आत्ताच का

उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये विज्ञान शाखांत शिकणाऱ्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक मुली होत्या. याचा आनंद आहेच. पण ही सरासरी आहे. या मुलींमध्ये कचरावेचकांच्या, नाका कामगारांच्या मुली किती, ते त्यात दिसत नाही. आणि पुढे देशाच्या संशोधन क्षेत्रात पोचेपर्यंत स्त्रियांचं प्रमाण पाचात एकाहूनही कमी होतं.

राज्य सरकारने २०२४-२५ पासून वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या दुर्बल व मागास घटकांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. निर्णय चांगला आहे. पण त्याचा लाभ शाळा संपल्यावर मिळायचा आहे आणि आमची मुलगी सातवीतच गळते आहे. वरच्या मजल्याचं दार उघडलं, खालचा जिना अजून बांधायचा आहे.

शिवाय वेळ थांबत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराव्या वर्षाआधी झालेलं होतं. बीड, परभणीसारख्या जिल्ह्यांत हे प्रमाण आणखी मोठं आहे आणि मानखुर्द-गोवंडीतली कितीतरी कुटुंबं मराठवाड्यातूनच आलेली आहेत. आज सहावीत असलेली मुलगी चार वर्षांनी दहावीला असेल. वर्ग सुरू करायला आपण आणखी दोन वर्षं लावली तर ती आपल्या हातून गेली.

‘आधी पाणी द्या, शौचालय द्या, विज्ञानाचं मग बघू,’ असंही कुणी म्हणेल. पाणी आणि शौचालय मागायलाच हवं, त्यासाठी आम्हीही रांगेत आहोत. पण २०१६ च्या जानेवारीत डम्पिंगला आग लागून धूर शहरभर पसरला, तेव्हा सर्वांत जास्त धूर कुणाच्या छातीत गेला? कचरा आतून का पेटतो, मिथेन कसा तयार होतो, टाकीतलं पाणी पिण्याजोगं आहे की नाही हे कसं तपासायचं, हे कळलेली मुलगी उद्या वॉर्ड ऑफिसात आकडे घेऊन उभी राहील. तिच्या वस्तीला तिची गरज आहे.

तुम्ही काय करू शकता

आयांनो, मावश्यांनो, तुमच्या कष्टांची आम्हाला जाणीव आहे. आठवड्यातले चार तास मुलीला घरकामातून मोकळं करा. धाकटं भावंड सांभाळायचं असेल तर त्याला बरोबर पाठवा. खोलीच्या कोपऱ्यात त्याच्यासाठी चटई आणि खेळणी ठेवू. दर महिन्याला एकदा तुम्हीही या आणि मुलीने काय केलं ते तिच्याच तोंडून ऐका.

मुख्याध्यापकांनो, शिक्षकांनो, सत्रांच्या मधल्या वेळेत एखादी खोली रिकामी असेल तर ती द्या. प्रयोगशाळेचं कपाट उघडा. कुठल्या मुली मागे बसतात, प्रश्न विचारायला लाजतात, त्यांची नावं आधी सुचवा. पहिला नंबर काढणाऱ्या मुली तशाही येतील.

समाजमंदिरांच्या, बुद्धविहारांच्या, मदरशांच्या, वाचनालयांच्या, व्यायामशाळांच्या विश्वस्तांनो, गणेशोत्सव मंडळांच्या कार्यकर्त्यांनो, वस्तीत जागेचा प्रश्न सर्वांत मोठा आहे आणि तो तुम्हीच सोडवू शकता. दुपारी कुलूप असलेली खोली आठवड्यातून दोनदा उघडा. तिथे पंखा, दिवा, पिण्याचं पाणी आणि जवळ स्वच्छ शौचालय असू द्या. पाळीच्या दिवसांत मुलगी घरी बसू नये, यासाठी ही अट सर्वांत महत्त्वाची आहे.

अणुशक्तीनगर, चेंबूर, देवनारच्या शास्त्रज्ञांनो, अभियंत्यांनो, निवृत्त तंत्रज्ञांनो, तुम्ही शेजारी आहात. महिन्यातून दोन दुपारी पुरेत. व्याख्यान नको, पाहुणे म्हणून हारतुरे नकोत. मुलींबरोबर बसा, तारा सोला, चुकलेलं जोडून पाहा. तुमच्यातल्या बायकांनी तर जरूर यावं, कारण विज्ञानात काम करणारी बाई या मुलींनी अजून जवळून पाहिलेलीच नाही. इलेक्ट्रिशियन, नर्स, लॅब टेक्निशियन, फिटर यांचंही तितकंच स्वागत आहे.

कॉलेजातल्या मुलींनो, राष्ट्रीय सेवा योजनेत असाल तर वर्षाला १२० तास तुम्हाला द्यायचेच असतात. ते इथे द्या. वस्तीतून शिकून वर आलेली ताई मुलींना सर्वांत जवळची वाटते.

लॅमिंग्टन रोड, लोहार चाळ आणि प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या व्यापारी बंधूंनो, एलईडी, सेल, वाइंडिंगची तार, स्विच, भिंगं, परीक्षानळ्या यांची एकेक पेटी तुमच्याकडून मिळाली तर एका वर्गाचं वर्ष निघतं. तुमच्या बिलावरची सवलतही चालेल.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचं काम पाहणाऱ्यांनो, पैसा माणसांवर खर्च करा. वस्तीतल्याच बारावी किंवा पदवी झालेल्या दोन मुलींना प्रशिक्षण द्या आणि दरमहा योग्य मानधन द्या. सामान तुटतं, संपतं, परत आणता येतं. वर्ग टिकतो तो नेमाने दार उघडणाऱ्या माणसामुळे. वर्षभराचा करार करून दुसऱ्या वर्षी हात काढून घेऊ नका, निदान तीन वर्षं सोबत राहा.

मुंबईबाहेरच्या वाचकांनो, तुमच्या गावातही अशी वस्ती आहे. ऊसतोडीच्या हंगामात मागे राहिलेल्या मुलींचं वसतिगृह असेल, पाड्यावरची आश्रमशाळा असेल, नगरपालिकेची शाळा असेल. हेच सगळं तिथेही करता येईल.

वर्ग चालवताना

काही नियम मात्र पक्के हवेत. खोलीत नेहमी दोन मोठी माणसं असावीत आणि त्यांतली एक बाई असावी. वर्ग अंधार पडायच्या आत सुटावा आणि मुलींनी घोळक्याने घरी जावं. पालकांच्या परवानगीशिवाय मुलींचे फोटो काढू नयेत, समाजमाध्यमांवर टाकू नयेत. भंगारातलं सामान जरूर वापरावं, पण डम्पिंगवरच्या सिरिंज, औषधांच्या बाटल्या, फुटक्या ट्यूबलाइट आणि मोबाइलच्या बॅटऱ्या यांना हात लावू देऊ नये. भिंतीतल्या विजेवर एकही प्रयोग नको, सगळं पेन्सिल सेलवर. वर्ग मुलींच्या भाषेत चालावा. मराठी, हिंदी, उर्दू, दख्खनी, जिला जे येतं त्यात तिने बोलावं. परीक्षा नको, नंबर नकोत, बक्षीस समारंभ नको. मुलीचं उत्तर चुकलं तर ‘पुन्हा करून बघ’ एवढंच म्हणावं.

आणि संख्या कमी ठेवावी. पन्नास मुली गोळा करून एकाने करून दाखवलं तर ती शाळाच झाली. पंधरा मुली, पंधरा संच, दोन ताया. मागणी वाढली तर दुसरी खोली शोधावी.

पंधरा जूनच्या आत

हे वाचून झालं की याच आठवड्यात एक काम करा. जवळच्या पालिका शाळेच्या मुख्याध्यापकांना किंवा वस्तीतल्या समाजमंदिराच्या अध्यक्षांना प्रत्यक्ष जाऊन भेटा आणि खोलीची, वाराची, वेळेची बोलणी करा. तुमच्याबरोबर येईल अशी आणखी एक व्यक्ती आजच ठरवा, कारण एकट्याने सुरू केलेले वर्ग पहिल्या पावसातच बंद पडतात. पुढच्या आठवड्यात पाच घरांत जाऊन पाच आयांशी बोला. मे संपेपर्यंत सामानाची यादी करा. जूनच्या पहिल्या आठवड्यात ताईंना घेऊन सगळे प्रयोग आधी स्वतः करून पाहा. शाळा उघडेल त्या आठवड्यात वर्ग उघडा.

पैसे द्या, जागा द्या, सामान द्या, वेळ द्या. चारांतलं जे जमेल ते द्या, पण या जूनला द्या. या मुली हुशार आहेत, कष्टाळू आहेत आणि शिकायला तयार आहेत. त्यांना आपण आजवर ताटकळत ठेवलं आहे. आता उठा आणि त्यांच्यासाठी एक खोली उघडा.